सिव्हिल, इंटिरियर की सरळ बी.आर्क.? बारावीच्या मुलीसाठी सल्ला हवा आहे (बडोदा)

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. मुलगी यंदा बारावीला आहे, गुजरात बोर्ड, सायन्स, ए ग्रुप, म्हणजे गणिताचा. तिला आर्किटेक्ट व्हायचंय. हे ती आठवी-नववीपासून म्हणतेय, त्यामुळे ही चार दिवसांची हौस नाही एवढं मला कळतं. गोंधळ पुढचा आहे, कारण घरात प्रत्येकाचं मत वेगळं.

हे म्हणतात, आधी सिव्हिल इंजिनिअरिंग करू दे. डिग्री पक्की, नोकरी पक्की, मग हवं तर आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करेल. माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते सांगतात की तिकडे लोक आधी कशातही पदवी घेतात आणि मग आर्किटेक्चर शिकतात, तर इथेच एवढी घाई कशाला. आणि नणंदबाईंचं म्हणणं, इंटिरियर डिझाइनचा कोर्स करावा, पुढे लग्न झालं तरी घरून कामं घेता येतात.

मुलगी गणितात चांगली आहे. फिजिक्स ठीक. चित्रकला म्हणाल तर घरांची, जिन्यांची, खिडक्यांची चित्रं भरपूर काढते, पण माणसाचा चेहरा काही जमत नाही, आणि त्यामुळे आपण प्रवेश परीक्षेत नापास होऊ असं तिने मनात घेतलंय. आम्ही मध्यमवर्गीय, खर्चाचाही विचार करावा लागतो. बडोद्यातच शिकावं की अहमदाबादला पाठवावं? या क्षेत्रातल्या कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.

ओळंबा

ताई, मी बडोद्यातच आर्किटेक्ट म्हणून काम करते, रावपुऱ्यात माझं छोटं ऑफिस आहे. दर वर्षी निकालाच्या सुमारास आईवडील मुलांना घेऊन येतात, आणि तोवर फॉर्म भरायची वेळ निघून गेलेली असते. तुम्ही आत्ताच विचारताय हे फार चांगलं केलंत. जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या यजमानांचं, कारण त्यांच्या बोलण्यात काळजी आहे पण माहिती अपुरी आहे. सिव्हिल करून आपल्याकडे एम.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या मास्टर्सला, प्रवेश मिळत नाही. एम.आर्क.साठी बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पाच वर्षांची पदवीच लागते. सिव्हिलच्या मुलीला पुढे स्ट्रक्चरमध्ये एम.ई. करता येईल, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करता येईल, नगररचनेच्या मास्टर्सलाही बऱ्याच ठिकाणी घेतात. पण आर्किटेक्ट व्हायचं तर तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून पाच वर्षं काढावी लागतील. मधूनच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिरायची सोय बी.आर्क.मध्ये नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेली मुलंसुद्धा पहिल्याच वर्षाला बसतात.

हे असं आहे कारण आपल्याकडे १९७२ चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. त्या कायद्याने काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झालं. तिथे नोंदणी झाल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, आणि नव्या मुलांना ती नोंदणी मान्यताप्राप्त बी.आर्क.वरच मिळते. तेव्हा मुलीचं ठरलं असेल तर रस्ता एकच आहे, आणि तो बारावीनंतर लगेच सुरू होतो. आधी सिव्हिल आणि मग बघू, यात तिची चार वर्षं जातील.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तिला खरंच काय आवडतं हे पारखून घ्या. सिव्हिल हे कमी दर्जाचं आर्किटेक्चर नाही आणि आर्किटेक्चर हे चित्रं काढायचं सिव्हिल नाही. माझ्यासमोर सध्या एक काम आहे, त्यावरूनच सांगते.

शहराच्या जुन्या भागातलं, पोळीतलं घर (पोळ म्हणजे अरुंद गल्लीतली जुनी, दाट वस्ती). दर्शनी रुंदी जेमतेम पंधरा फूट, आतपर्यंतची लांबी साठ फुटांच्या आसपास. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक, म्हणजे खिडकी फक्त पुढे आणि मागे. मूळ घराला मध्यभागी चौक होता. मागच्या पिढीत एक खोली कमी पडली म्हणून त्या चौकावर स्लॅब टाकला. आता मधल्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते आणि मे महिन्यात तिथे बसवत नाही, कारण गरम हवेला वर निघून जायला वाटच उरलेली नाही. जिना जुना, लाकडी आणि खडा, एकेक पायरी नऊ-दहा इंच उंच, धरायला वरून दोर सोडलेला. घरातल्या आजी तो दोर धरून पाठमोऱ्या उतरतात. आणि मुलांना हवीये अजून एक बेडरूम.

आता इथे माझं काम काय? चौक परत उघडायचा का, उघडला तर गेलेली खोली कुठे भरून काढायची, पावसाळ्यात त्यातून पाणी आलं तर जाणार कुठे, आजींची खोली खाली आणली तर देवघर कुठे जाईल, आणि जिना सोपा करायचा तर त्याला लागणारी जास्तीची जागा कुणाच्या वाट्याची घ्यायची. आरामात चढता यावा असा जिना करायचा तर पायरीची उंची सहा-सात इंच आणि पाऊल ठेवायला दहा-अकरा इंच तरी लागतात. पायऱ्यांची संख्या वाढते, लांबी वाढते, आणि तीच लांबी पंधरा फुटी घरात कुठून तरी काढावी लागते. एका जिन्याच्या पायी मी त्या घराचे कितीतरी नकाशे बाद केले आहेत. नंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर येतात. ते जुन्या सागवानी तुळया ठोकून बघतात, कुठली अजून भार घेईल आणि कुठे लोखंडी गर्डर घालावा लागेल हे सांगतात, सामाईक भिंतीला धक्का न लावता पाया कसा भरायचा ते ठरवतात. त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण ते जे प्रश्न सोडवतात ते वेगळे आणि मी सोडवते ते वेगळे.

मुलीला हे वाचायला द्या आणि विचारा, यातले कुठले प्रश्न तुला स्वतःला सोडवावेसे वाटतात? तुळईचे असतील तर सिव्हिल उत्तम आहे, आनंदाने जाऊ दे. आजींच्या जिन्याचे असतील तर आर्किटेक्चर.

अजून एक करा. घरात मोजायची टेप असेलच. एखाद्या रविवारी तिला तुमचं स्वतःचं घर मोजू दे. प्रत्येक खोली, दोन्ही कर्णांसह, कारण जुन्या घरातल्या खोल्या सहसा काटकोनात नसतात आणि ते कर्ण मोजल्यावरच कळतं. भिंत नऊ इंची आहे की साडेचार इंची, दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीचा कठडा जमिनीपासून किती वर आहे, ओट्याची उंची किती, सगळं. मग ते एकास पन्नास या प्रमाणात कागदावर काढू दे. चेहरा काढता येत नाही याची काळजी सोडा, हा नकाशा काढताना तिला कंटाळा येतो की ती जेवायला बोलावलं तरी उठत नाही, तेवढं बघा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिलं हेच करायला सांगते. ज्यांना आर्किटेक्ट हा शब्दच नुसता आवडलेला असतो ती दुसऱ्या खोलीत थांबतात. ज्यांना खरी ओढ असते ती, पश्चिमेची खिडकी इथे आणली तर दुपारी किती तापेल, असले प्रश्न आपणहून विचारायला लागतात.

आणि तुम्ही दांडिया बाजारात राहता, हे केवढं भाग्य आहे! तांबेकरांचा वाडा तुमच्या दाराशी. बडोद्याचे दिवाण विठ्ठल खंडेराव तांबेकर यांचा तो वाडा, पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. लोक तिथली भित्तिचित्रं बघायला जातात. ती बघावीतच, पण मुलीला म्हणावं लाकडी खांब तुळईला कसा भेटतो ते बघ, आतल्या खोलीत उजेड कुठून येतो ते बघ. मग एम.एस. युनिव्हर्सिटीच्या कला शाखेचा घुमट. तो रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाचा, विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला. लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम मेजर चार्ल्स मँटने १८७८ मध्ये हातात घेतलं, १८८१ मध्ये तो वारला, आणि पुढे चिझमनेच ते १८९० मध्ये पुरं केलं. न्यायमंदिरही त्याचंच. ज्या गावात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढून हाताने करायच्या विद्या शिकवायला सुरुवात केली, त्या गावात वाढलेल्या मुलीला शिकायला इमारती शोधत फिरावं लागत नाही. फर्टिलायझर कंपनीची वसाहत बाळकृष्ण दोशींनी केलेली आहे, हेही बडोद्यातल्या फार कमी लोकांना माहीत असतं. ते पुण्यात जन्मले, मुंबईत जे. जे.मध्ये शिकले, आणि २०१८ मध्ये आर्किटेक्चरचा प्रित्झकर पुरस्कार मिळालेले पहिले भारतीय.

परीक्षेचं आता थोडक्यात. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच, ते तिच्याकडे आहे. नाटा ही बी.आर्क.साठीची काउन्सिलची प्रवेश परीक्षा, २००६ पासून चालू आहे. २०० गुणांची असते, त्यातला ८० गुणांचा भाग चित्रांचा आणि रचनेचा, बाकीचा कॉम्प्युटरवर. चित्राच्या भागात रंगसंगती, काळ्या-पांढऱ्यातलं रेखाटन आणि दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना असं विचारतात. चेहरे हुबेहूब काढता येण्यावर काही अडत नाही. कल्पनेने एखादं दृश्य उभं करता यायला हवं, म्हणजे मांडवी दरवाजाखाली उभं राहून गर्दीच्या वेळी एका बाजूला काय दिसतं, असं. रस्ता लांब जाताना निमुळता होतो, माणसं लहान होत जातात, छज्जे एका रेषेत मागे जातात, हे तिच्या हाताला सवयीने येईल. गुजरातमधल्या जागा प्रवेश समितीकडून भरतात, आणि गुणवत्ता यादीत बारावी आणि नाटा दोन्ही धरतात. म्हणून नाटाच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. एनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडाच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) हव्या असतील तर जेईई मेनचा दुसरा पेपर. आयआयटीतलं बी.आर्क. खरगपूर, रुडकी आणि वाराणसीला आहे, त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड आणि त्यावर वेगळी चित्राची परीक्षा लागते.

नणंदबाईंचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. इंटिरियर हा स्वतंत्र, कष्टाचा आणि चांगला व्यवसाय आहे, माझ्या ओळखीच्या कित्येक जणी त्यात उत्तम काम करतात. पण इंटिरियरच्या पदवीवर आर्किटेक्ट होता येत नाही, आणि आर्किटेक्टला इंटिरियर करायला कुणी अडवत नाही. आणि ताई, एक कळकळीची विनंती. लग्नानंतर काय सोयीचं पडेल यावरून सतराव्या वर्षी कोर्स ठरवू नका. मी लग्नानंतरच ऑफिस काढलं. साइटवर कडिया म्हणजे गवंडी, सुतार, प्लंबर सगळ्यांशी बोलावं लागतं, स्लॅब भरायच्या दिवशी पहाटे जावं लागतं. ते मला कधी अडचणीचं वाटलं नाही, कारण त्या कामासाठीच मी हा व्यवसाय घेतला.

कॉलेजचं. एम.एस. युनिव्हर्सिटीचा आर्किटेक्चर विभाग टेक्नॉलॉजी फॅकल्टीत येतो, सरकारी विद्यापीठ असल्याने खाजगीच्या मानाने खर्च बराच कमी, आणि म्हणूनच जागांसाठी चुरस असते. बडोद्यात नवरचना आणि पारुल इथेही बी.आर्क. आहे. अहमदाबादचं सेप्ट देशात नावाजलेलं आहे, १९६२ मध्ये दोशींनीच ते सुरू केलं, पण फी आणि तिथे राहण्याचा खर्च दोन्ही जास्त. कुठेही घ्या, काउन्सिलच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या मान्यताप्राप्त यादीत कॉलेजचं नाव आहे का ते बघूनच फी भरा. आणि एकदा स्टुडिओत जाऊन या. भिंतींवर मुलांची कामं लागलेली आहेत का, मॉडेल करायची जागा संध्याकाळी उघडी असते का, ज्युरीला, म्हणजे मुलांची कामं तपासायला, बाहेरचे काम करणारे आर्किटेक्ट येतात का, हे मुलांनाच विचारा, ती खरं सांगतात.

पैशाचंही स्पष्ट सांगते. सुरुवातीची दोन-चार वर्षं पगार बेताचे असतात. तिच्याबरोबरची कॉम्प्युटरवाली मुलं तोवर पुढे गेलेली दिसतील. हे घरात आत्ताच सगळ्यांनी ऐकून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे तिच्यावर राग निघत नाही.

निवृत्त_स्थापत्य

वरच्या ताईंनी उत्तम लिहिलंय. मी आयुष्यभर सिव्हिलमध्ये, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, सध्या मकरपुऱ्यात राहतो. वडिलांच्या बाजूने दोन शब्द मांडतो.

सिव्हिल इंजिनिअरला इमारतीचे नकाशे करायला कायद्याने बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये हे स्पष्ट केलं की आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने आर्किटेक्ट हे नाव लावण्यावर बंधन घातलंय, डिझाइनच्या कामावर नाही. गुजरातच्या बांधकाम नियमावलीतही आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नोंद वेगवेगळी होते आणि त्या त्या कामाची जबाबदारी त्यांच्यावर येते. तेव्हा सिव्हिल करून घरं बांधता येणार नाहीत असं कुणी समजू नये. सरकारी नोकरीच्या जागाही सिव्हिलला आर्किटेक्टपेक्षा कितीतरी जास्त निघतात. वडील जे नोकरी पक्की म्हणतात ते या अर्थाने बरोबर आहे.

पण माझा अनुभव असा, की ज्याला सिव्हिलची ओढ नाही त्याने ते सोय म्हणून करू नये. आमच्याकडे एक तरुण असिस्टंट इंजिनिअर आला होता. हुशार मुलगा. बार-बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांचा तक्ता, तपासायला दिलं की त्याचा जीव रमायचा नाही, मात्र व्हरांड्यात ऊन किती येईल यावर तासभर बोलायचा. वडिलांच्या आग्रहाने सिव्हिलला आला होता. आमच्या कामात सळईचा एक आकडा नजरेतून सुटला तर छत खाली येतं, तिथे अर्धं मन चालत नाही. तो पुढे नोकरी सोडून गेला, आणि मला मनापासून वाटलं की हा पहिल्यापासूनच योग्य जागी असता तर दोन्ही खात्यांचं भलं झालं असतं.

वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणा, त्यांनी मुलीबरोबर एखाद्या चालू साइटवर जावं. सेंट्रिंग लागलेलं, सळया बांधलेल्या, अशा वेळी. तिथे मुलगी काय विचारते ते ऐकावं. त्यावरून त्यांनाच कळेल.

शीट_क्रमांक_तीन

काकू, मी बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, बडोद्यातच. ओळंबा ताईंनी मोठं सगळं सांगितलंय, मी कॉलेजातलं सांगते.

पहिल्या वर्षासाठी महागडा लॅपटॉप घेऊ नका. आमचं पहिलं वर्ष जवळजवळ सगळं हातानेच होतं. ड्रॉइंग बोर्ड, पॅरलल बार, सेट स्क्वेअर, क्लच पेन्सिली, बटर पेपर, कार्ट्रिज शीट. लॅपटॉप दुसऱ्या वर्षी, तेव्हा सॉफ्टवेअर काय वापरायचं हेही कळलेलं असतं. खरा खर्च हळूहळू होतो, माउंटबोर्ड, सनबोर्ड, कटरची पाती, आणि शेवटी प्रिंट. सबमिशनच्या आठवड्यात ए-वन आकाराच्या प्रिंटांवर जो पैसा जातो तो घरच्यांना आधी सांगून ठेवलेला बरा.

जागरणं होतात. पण जी मुलं रोज थोडं करतात त्यांची कमी होतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

ज्युरीबद्दल मला सांगायचंय, कारण आमच्या वर्गातल्या दोन मुली त्यामुळेच सोडून जायच्या बेतात होत्या. तुम्ही रात्र रात्र जागून मॉडेल करता, आणि समोरचे सर ते उचलतात, छत काढून बाजूला ठेवतात, आणि विचारतात, या दारातून आत आल्यावर मला पहिलं काय दिसेल? माझ्या बाबतीत उत्तर होतं, बाथरूमचं दार. मी नकाशात ते बघितलंच नव्हतं असं नाही, पण तिथे उभं राहून बघितलं नव्हतं. सर रागावले नाहीत, त्यांनी पेन्सिलीने एक भिंत दोन फूट सरकवली आणि पुढच्या मॉडेलकडे गेले. माझं पुढचं सगळं काम त्या प्रश्नाने बदललं. ज्या मुलीला आपलं काम दुसऱ्याने असं उघडून बघितलेलं सोसतं, ती इथे टिकते. तुमच्या मुलीला आत्तापासून तिची चित्रं लोकांना दाखवायची सवय लावा, नुसतं छान म्हणणाऱ्यांना नाही.

आणि चांपानेरला आम्ही मोजणीला गेलो होतो, जामी मशिदीत. २००४ पासून ते जागतिक वारशात आहे. उन्हात टेप धरून एकेका खांबाचं माप घ्यायचं, एकीने टेप धरायची, दुसरीने आकडा ओरडून सांगायचा, तिसरीने लिहायचं. मला तोपर्यंत इतिहासाचा तास रटाळ वाटायचा. तिथे एका जाळीचं रेखाटन करायला बसले आणि संध्याकाळी गाडी निघायची वेळ झाली तरी ते पुरं झालं नव्हतं, इतकी बारीक रचना त्या दगडात आहे. काकू, सुट्टीत तिला घेऊन जा, बडोद्याहून जाऊन-येऊन एका दिवसात होतं.

नाटासाठी मी रोज एक चित्र काढायचे, विषय घरातलाच. जिन्याखालची सायकल, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, सेव-उसळीच्या दुकानातली गर्दी. त्रिमितीय रचनेसाठी जाड कागद, स्ट्रॉ, काड्यापेट्या घेऊन वेळ लावून बसायचे. क्लास लावला तर शिस्त येते, पण हे घरीही जमतं.

कारेलीबाग_ते_शिकागो

मूळची कारेलीबागची, आता शिकागोत आर्किटेक्चर फर्ममध्ये आहे. तुमच्या दिरांचं म्हणणं अमेरिकेपुरतं खरं आहे, म्हणून खुलासा करते.

इथे दोन रस्ते आहेत. एक पाच वर्षांचं बी.आर्क., आपल्यासारखंच. दुसरा, आधी चार वर्षांची कुठल्याही विषयातली पदवी आणि मग साधारण तीन वर्षांचं एम.आर्क., जे खास अशा मुलांसाठी बेतलेलं असतं. माझ्याबरोबर इतिहास आणि संगीत शिकून आलेले लोक काम करतात. त्यानंतरही लायसन्ससाठी ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा असते. ही सोय इथल्या कायद्यात आहे. भारतात ती नाही, त्यामुळे इथला सल्ला तिथे लावला तर मुलगी दोन्हीकडून अडकेल. शिवाय त्या तीन वर्षांची इथली फी अशी, की बहुतेक मुलं कर्ज घेतात आणि ते फेडण्यात तारुण्य जातं.

मी स्वतः भारतात बी.आर्क. करून आले आणि इथे दोन वर्षांचं एम.आर्क. केलं. तो रस्ता तुमच्या मुलीलाही पुढे मोकळा आहे. फक्त एक लक्षात असू द्या. इथे लायसन्स हवं असेल तर एम.आर्क. इथल्या मान्यता मंडळाने मान्य केलेलं आहे की नाही ते आधी बघावं लागतं, कारण सगळे दोन वर्षांचे कोर्स तसे नसतात. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचीही सोय आहे, पण त्यात कागदपत्रं खूप लागतात. पाचही वर्षांचे अभ्यासक्रम, गुणपत्रिका, सगळं जपून ठेवा म्हणावं. बाकी आत्ता अमेरिकेचा विचार करून काही ठरवू नये असं मला वाटतं. पाच वर्षांत ती स्वतःच ठरवेल.

सुरसागर_काठ

तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, कसे आभार मानू कळत नाही. उत्तरं छापून ह्यांना वाचायला दिली. निवृत्त काकांचं त्यांनी दोनदा वाचलं.

मुलीने घर मोजलं. आमचं घर जुनं आहे, भाड्याचं, वरच्या मजल्यावर. कर्ण मोजल्यावर स्वयंपाकघर खरोखरच वाकडं निघालं, एका बाजूला सहा इंचांचा फरक. तिला त्याचा एवढा आनंद झाला की शेजारच्या काकूंचंही घर मोजायला गेली. मग जेवणं झाल्यावर ह्यांनी तिला विचारलं की ओट्याला खिडकी दुसऱ्या बाजूला का नाही. ती म्हणाली, तिकडे पश्चिम आहे बाबा, संध्याकाळचा स्वयंपाक करताना आईच्या डोळ्यांवर ऊन येईल. हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच नाटाची माहिती काढली. मला वाटतं ठरलं.

आता दोन प्रश्न राहिले. जेईईचा फॉर्म ती इंजिनिअरिंगसाठी भरणारच आहे, त्यात आर्किटेक्चर वेगळं भरावं लागतं का? आणि सिव्हिल पर्याय म्हणून ठेवावं की नाही?

ओळंबा

ताई, वाचून खूप आनंद झाला. सहा इंचांचा फरक जिने शोधला ती मुलगी चांगलं काम करेल.

हो, जेईई मेनच्या फॉर्ममध्ये पेपर निवडावे लागतात. बी.ई.चा पेपर वेगळा आणि बी.आर्क.चा वेगळा, दोन्ही हवे असतील तर दोन्हींवर खूण करायची आणि फी त्याप्रमाणे भरायची. कितीतरी मुलं नुसता पहिला पेपर भरतात आणि मग एसपीएची दारं बंद झाल्यावर हळहळतात. बी.आर्क.च्या पेपरात गणित आणि अ‍ॅप्टिट्यूड कॉम्प्युटरवर, आणि चित्र कागदावर हाताने. पेन्सिली आणि रंगीत पेन्सिली घरून न्यायच्या असतात. जानेवारीच्या सत्रालाही बसवा आणि एप्रिलच्याही, पहिल्या वेळी निदान वेळेचा अंदाज येतो. नाटाचा फॉर्म हा वेगळा, तो काउन्सिलच्या संकेतस्थळावर भरायचा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका तिने स्वतः पहिल्या पानापासून वाचावी, नियम बदलत राहतात.

सिव्हिल पर्याय म्हणून ठेवायला हरकत नाही, पण निवृत्त काकांनी लिहिलेलं तिला वाचायला देऊन. माझ्या मते तिच्यासाठी जास्त जवळचा पर्याय नगररचनेची चार वर्षांची पदवी आहे, बी.प्लॅन. विश्वामित्रीचं पाणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये कुठल्या कुठल्या सोसायट्यांत शिरलं ते तुम्ही बघितलंय. नदीच्या काठाला कुठे बांधू द्यायचं, नाले कुठून न्यायचे, हे ठरवणाऱ्या चांगल्या माणसांची आपल्या शहराला फार गरज आहे, आणि घरं मोजणाऱ्या मुलीला ते कामही आवडू शकेल. त्या पदवीने ती आर्किटेक्ट होणार नाही, एवढं मात्र आधीच समजून घेऊ दे.

बोर्डाची परीक्षा संपली की तिला माझ्या ऑफिसात पाठवा. पोळीतल्या घराचं काम तेव्हा सुरू झालेलं असेल, जुना स्लॅब फोडायचा आहे. पायात बंद बूट हवेत, बाकी टोपी मी देईन.